छातीवरचं लाल फूल: पॉपी आली कुठून, आणि तिच्यात आपलं कोण आहे?

नोव्हेंबर जवळ आला की ब्रिटनमध्ये टीव्हीवर बातम्या देणाऱ्यांच्या कोटावर, खासदारांच्या छातीवर, फुटबॉलपटूंच्या जर्सीवर एक लाल कागदी फूल दिसायला लागतं. गेल्या वर्षी माझ्या भाचीचा सात वर्षांचा मुलगा लेस्टरच्या शाळेतून तसंच फूल लावून घरी आला. व्हिडिओ कॉलवर मला दाखवून म्हणाला, "मावशीआजी, हे युद्धात मेलेल्या लोकांसाठी असतं. त्यात आपलं कोणी होतं का?"

मी "हो, होते ना" म्हणाले खरी, पण पुढे नीट सांगता येईना. नंतर त्याच्यासाठी म्हणून जे वाचून काढलं, ते इथे लिहिते आहे. प्रश्न सोपा होता, उत्तर मात्र बरंच लांब निघालं.

आधी नावाचा घोळ सोडवू. मराठीत पॉपी म्हटलं की आपल्याला अफू आठवते आणि खसखस आठवते. युद्धस्मृतीची पॉपी ही ती नव्हे. अफूचं झाड वेगळं, त्याची बोंडं मोठी, आणि त्यांना चिरा देऊन चीक काढतात. ही पॉपी त्याच कुळातली, पण युरोपात गव्हाच्या शेतात आपोआप उगवणारं तण आहे. पातळ, चुरगळल्यासारख्या लालभडक पाकळ्या, केसाळ नाजूक देठ. हिच्यापासून अफू होत नाही. हा घोळ फक्त आपलाच आहे असंही नाही. २०१० च्या नोव्हेंबरात ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून आपल्या मंत्र्यांसह बीजिंगला गेले होते. ही फुलं उतरवून ठेवा, अशी सूचना त्यांना झाल्याच्या बातम्या तेव्हा आल्या. इंग्रजांनी चीनवर लादलेल्या अफूच्या युद्धांची आठवण तिथे अजून ताजी आहे. कॅमेरून यांनी फूल उतरवलं नाही. एकाच्या छातीवरची श्रद्धांजली दुसऱ्याला जुन्या अपमानासारखी दिसली.

तण नेमकं तिथेच का फुललं?

शेती केलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. पडीक रान नांगरलं की पहिल्या पावसात कुठलं कुठलं तण वर येतं. ते बी नव्याने पेरलेलं नसतं. आधीपासून मातीत पडून असतं, आणि नांगराने माती उलटली की उजेड लागून जागं होतं. पॉपीचं तसंच आहे. एका रोपाला हजारो बारीक बिया धरतात. त्या मातीत गाडल्या गेल्या तर कित्येक वर्षं, दशकंसुद्धा, तशाच जिवंत राहतात. माती हलली आणि प्रकाश मिळाला की त्या रुजतात.

१९१४ ते १९१८ या पहिल्या महायुद्धाच्या चार वर्षांत बेल्जियमचा फ्लँडर्स भाग आणि उत्तर फ्रान्स इथली माती जगात कुठेच उलटली गेली नसेल इतकी उलटली गेली. कुठे खंदक खणले गेले, कुठे तोफगोळ्यांनी खड्डे पाडले. आणि माणसं पुरण्यासाठी रोज नव्या कबरी खणाव्या लागत होत्या. शेतकरी गाव सोडून गेलेले, त्यामुळे गहू नाही, खुरपणी नाही, तणाला अडवणारं कुणीच नाही. मग वसंतात त्या चिखलावर लाल फुलं आली, आणि ताज्या कबरींवर अधिकच आली. सैनिकांना त्यात रक्ताचा रंग दिसला यात नवल नाही. पण ती फुलं तिथे उगवली याला कारण खणलेली माती होती, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. जिथे माणूस पुरला तिथेच बी जागं झालं.

डॉक्टर, त्याचा मित्र आणि एक कविता

बेल्जियममधल्या ईप्र गावाभोवती एप्रिल १९१५ मध्ये मोठी लढाई पेटली. २२ एप्रिलला जर्मन सैन्याने तिथे क्लोरीन वायू सोडला. पश्चिम आघाडीवर विषारी वायूचा असा मोठा वापर पहिल्यांदाच होत होता. कालव्याच्या काठी मातीच्या भिंतीत कोरलेल्या एका खोपटात जखमींची मलमपट्टी चाले. तिथे कॅनडाचे लष्करी डॉक्टर जॉन मॅक्रे दिवसरात्र काम करत होते. २ मे रोजी त्यांचा तरुण मित्र, लेफ्टनंट अलेक्सिस हेल्मर, तोफगोळ्याने ठार झाला. वय अवघं २२. धर्मगुरू हजर नव्हते, म्हणून प्रार्थना मॅक्रे यांनीच म्हटली. दुसऱ्या दिवशी त्यांनी 'इन फ्लँडर्स फील्ड्स' ही कविता लिहिली असं मानलं जातं. डिसेंबर १९१५ मध्ये ती लंडनच्या 'पंच' साप्ताहिकात छापून आली.

या छोट्या कवितेत मेलेले सैनिक बोलतात. क्रूसांच्या रांगांमधून पॉपी डोलताहेत, आम्ही परवापर्यंत जिवंत होतो, आम्हीही प्रेम केलं होतं, असं ते सांगतात. शाळांमधून म्हटला जातो तो बहुधा हाच सूर. पण शेवटच्या कडव्यात तेच मृत म्हणतात की शत्रूशी आमचं भांडण आता तुम्ही पुढे न्या, नाहीतर आम्हाला झोप लागणार नाही. म्हणजे ती शांततेची कविता नाही. सैन्यभरतीसाठी आणि युद्धकर्ज गोळा करण्यासाठी ती वापरली गेली. पॉपीवरून आज जे वाद होतात त्यांची मुळं त्या शेवटच्या कडव्यापर्यंत जातात असं माझं मत आहे. शोक आणि लढत राहण्याची हाक, दोन्ही एकाच फुलावर लादलेलं आहे.

मॅक्रे युद्धाचा शेवट पाहू शकले नाहीत. जानेवारी १९१८ मध्ये फ्रान्समध्ये ते न्यूमोनियाने गेले. हेल्मरची कबर पुढच्या लढायांत हरवली. आज त्याचं नाव ईप्रच्या मेनिन गेट या स्मारकावर आहे, कबर नसलेल्या ५४ हजारांहून जास्त नावांमधलं एक.

फूल छातीवर कसं आलं?

हे काम दोन बायकांनी केलं, आणि दोघींचीही नावं आज फारशी कुणाला माहीत नसतात.

पहिली मोइना मायकल, अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातली शिक्षिका. ९ नोव्हेंबर १९१८ ला, म्हणजे युद्ध थांबवणाऱ्या शस्त्रसंधीच्या दोनच दिवस आधी, न्यूयॉर्कमध्ये एका मासिकात तिने मॅक्रेंची कविता वाचली आणि ठरवलं की यापुढे आपण कायम लाल पॉपी लावायची. त्याच दिवशी तिच्या कामाच्या जागी परिषदेला आलेल्या मंडळींनी तिला आभारादाखल १० डॉलर दिले. त्यातून तिने रेशमी पॉपी विकत आणल्या, एक स्वतःला लावली आणि बाकीच्या वाटल्या.

दुसरी फ्रान्सची आना गेरँ. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या भागातल्या बायका-मुलांना काम मिळावं म्हणून कापडी पॉपी करून विकायच्या आणि पैसा मदतीला वापरायचा, ही तिची योजना. १९२१ मध्ये ती लंडनला गेली. तिथे माजी सैनिकांची ब्रिटिश लीजन ही संघटना नुकतीच उभी राहिली होती. लीजनने गेरँबाईंची कल्पना उचलली आणि ११ नोव्हेंबर १९२१ ला पहिला पॉपी दिवस झाला. ९० लाख पॉपी हातोहात संपल्या आणि १ लाख ६ हजार पौंडांहून जास्त रक्कम जमली.

हे समजून घेण्यासाठी आपल्याकडचा ध्वजदिन आठवा. ७ डिसेंबरला शाळेत बाई छोटे कागदी झेंडे आणायच्या. लाल, गडद निळा, फिकट निळा असे तीन पट्टे. घरून आणलेली नाणी डब्यात टाकायची आणि झेंडा टाचणीने खिशावर लावायचा. सशस्त्र सेना ध्वजदिन १९४९ पासून पाळला जातो आणि निधी माजी सैनिक व शहिदांच्या कुटुंबांसाठी जातो. पॉपीचा हिशोब अगदी हाच. ठरलेली किंमत नाही, डब्यात हवे तेवढे टाका. आणि हे फूल मेलेल्यांच्या आठवणीचं असलं तरी पैसा जिवंतांसाठी असतो. युद्धातून एक पाय घेऊन परतलेल्यासाठी, काम न मिळणाऱ्यासाठी, विधवेसाठी. लोक हे विसरतात.

पुढच्याच वर्षी, १९२२ मध्ये, मेजर जॉर्ज हाउसन यांनी लंडनमध्ये पाच अपंग माजी सैनिकांना घेऊन पॉपीचा कारखाना काढला. हे फारसं चालेल असं वाटत नाही, पण करून बघण्यासारखं आहे, अशा अर्थाचं पत्र त्यांनी आईवडिलांना लिहिलं होतं. फुलाची रचना मुद्दाम अशी ठेवली की हात गमावलेल्या माणसालाही ते जोडता यावं. पाकळ्या, मधलं काळं बटण, देठ, बस. स्कॉटलंडची पॉपी आजही चार पाकळ्यांची आणि पान नसलेली असते. तिचा कारखाना १९२६ मध्ये एडिंबरोत निघाला. २०२३ पासून इंग्लंडची पॉपी प्लास्टिक काढून पूर्ण कागदाची झाली आहे.

त्या काळ्या बटणाची एक गोष्ट सांगायलाच हवी. त्यावर कित्येक दशकं 'हेग फंड' असे शब्द होते. फील्ड मार्शल डग्लस हेग हे लीजनचे पहिले अध्यक्ष, आणि युद्धात पश्चिम आघाडीवरच्या ब्रिटिश सैन्याचे सरसेनापती. १ जुलै १९१६ ला फ्रान्समधल्या सोम नदीकाठच्या लढाईच्या पहिल्या दिवशी त्यांच्या सैन्यातले १९,२४० जण एका दिवसात मेले. ज्यांची मुलं त्या दिवशी गेली, त्या आया त्याच सेनापतीचं नाव असलेलं फूल लावत होत्या. ते शब्द १९९४ मध्ये बदलले गेले.

पांढरी पॉपी, सूर्या फुलं आणि न लावणारे

युद्धात नवरे, मुलं, भाऊ गेलेल्या बायकांनाच पहिली शंका आली. को-ऑपरेटिव्ह विमेन्स गिल्ड या महिला संघटनेने १९३३ मध्ये पांढऱ्या पॉपी काढल्या. सगळ्या देशांतल्या मृतांची आठवण, साध्या नागरिकांसह, आणि पुन्हा युद्ध नको, हा तिचा अर्थ. ती आजही मिळते. तिला लाल पॉपीचा अपमान समजणारे लोक आहेत. मला तसं वाटत नाही. ज्यांनी ती सुरू केली त्यांनी किंमत मोजलेली होती.

उत्तर आयर्लंडमध्ये गोष्ट आणखी अवघड होते. लीजनचा पैसा कुठल्याही काळातल्या ब्रिटिश सैनिकांना मदत करतो, आणि डेरी शहरात ३० जानेवारी १९७२ ला निःशस्त्र मोर्चेकऱ्यांवर गोळ्या झाडणारेही ब्रिटिश सैनिकच होते. त्या दिवशी १३ जण मेले, आणखी एक नंतर गेला. डेरीचा फुटबॉलपटू जेम्स मॅक्लीन याच कारणाने इंग्लंडमध्ये खेळताना पॉपीची जर्सी घालत नसे आणि दर वर्षी शिव्या खात असे. दुसऱ्या बाजूला, ८ नोव्हेंबर १९८७ ला एनिस्किलन गावात स्मृतिदिनासाठी जमलेल्या लोकांजवळ आयआरए या ब्रिटिशविरोधी सशस्त्र संघटनेने बाँब फोडला आणि ११ जण जागीच मेले. त्या गावात पॉपीकडे कुणीही निव्वळ कागदाचं फूल म्हणून पाहू शकत नाही.

आपल्या शेजारचं उदाहरण मात्र मला सर्वांत बोलकं वाटतं. सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, इंग्रजांच्या काळात पॉपी दिवसाला भरपूर पैसा जमायचा, पण बहुतेक ब्रिटनला जायचा. स्थानिक माजी सैनिकांच्या हाती फारसं काही लागायचं नाही. त्याचा निषेध म्हणून ११ नोव्हेंबरलाच सूर्या झाडाची पिवळी फुलं विकायला सुरुवात झाली. १९३३ पासून डाव्या विचारांच्या तरुणांनी ती मोठी चळवळ केली. हे सूर्या म्हणजे आपल्या किनाऱ्यावरचा पारस पिंपळ, कोकणात ज्याला भेंड म्हणतात तो. पुढे मलेरियाची भयंकर साथ आली तेव्हा याच चळवळीतले लोक खेडोपाडी औषधं आणि अन्न घेऊन फिरले.

तर, आपलं कोणी होतं का?

होतं. ज्या ईप्रच्या लढाईत हेल्मर मेला, तिथेच २६ एप्रिल १९१५ ला, म्हणजे सहा दिवस आधी, भारतीय सैन्याच्या लाहोर डिव्हिजनने चढाई केली होती. वायूपासून बचावाचं धड साधनही त्यांच्याकडे नव्हतं. जमादार मीर दस्त यांना त्या दिवशीच्या कामगिरीसाठी व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिश सैन्यातला शौर्याचा सर्वोच्च सन्मान, मिळाला. त्याही आधी, २८ ऑक्टोबर १९१४ ला, दक्षिणेला फ्रान्समधल्या नव्ह शापेल गावात घरोघरी लढाई झाली, आणि तिथे आपल्या पुण्याजवळच्या खडकीच्या बाँबे सॅपर्सच्या दोन कंपन्या होत्या. पूल बांधणं, खंदक खणणं हे ज्यांचं काम, ते संगिनी घेऊन गल्ल्यांत लढले. त्या गावात आज भारतीयांचं स्मारक आहे आणि त्यावर ४,७०० हून जास्त नावं कोरली आहेत.

पण मराठा पलटणींचा मोठा भाग फ्लँडर्सला नव्हता, मेसोपोटेमियात होता, आजच्या इराकमध्ये. १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी टायग्रिस नदीकाठच्या कूत गावात अडकल्या. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत तुर्की वेढा. धान्य संपत गेलं. घोड्याचं मांस खायला अनेक हिंदी शिपाई आधी तयार नव्हते, शेवटी भुकेने अंगात त्राण राहिलं नाही. १३ हजारांच्या आसपास सैन्य शरण गेलं, आणि त्यांतले हजारो जण वाळवंटातल्या पायपिटीत आणि कैदेत मेले.

त्या आघाडीवर ज्यांना कबर मिळाली नाही त्यांच्यासाठी बसरा इथे स्मारक उभारलं गेलं, ४० हजारांहून जास्त मृतांचं. इथे मी वाचता वाचता थांबले. गोऱ्या शिपायांची नावं भिंतीवर होती, हिंदी अधिकाऱ्यांचीही होती. साध्या हिंदी शिपायांचे मात्र पलटणीनुसार फक्त आकडे कोरले होते. अमुक पलटण, आणि इतर इतके शिपाई. नव्ह शापेलला नाव आणि बसऱ्याला आकडा, हा फरक एकाच सैन्यातला, एकाच युद्धातला. युद्धकबरींची देखभाल करणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने २०२१ मध्ये आपल्याच इतिहासाची चौकशी करून अहवाल दिला. मुख्यतः पूर्व आफ्रिका आणि इजिप्तमधल्या किमान १ लाख १६ हजार मृतांची नावं नोंदवलीच गेली नाहीत, किंवा त्यांचं कुठलंच स्मारक झालं नाही, असं त्यात म्हटलं आहे. ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी संसदेत माफी मागितली. बसऱ्याचं ते स्मारक १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या आदेशाने उचलून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेलं गेलं. तिथे कुणी पॉपी ठेवायला जात नाही.

पहिल्या महायुद्धात सुमारे ७४ हजार हिंदी सैनिक मेले. शंभर वर्षं झाली तेव्हा, २०१८ मध्ये, लीजनने त्यांच्या आठवणीसाठी खादीची पॉपी काढली. इकडे दिल्लीच्या युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशन या लष्करी अभ्यासाच्या संस्थेने भारताचं स्मृतिपुष्प म्हणून झेंडू सुचवला. मला झेंडू जवळचा वाटतो. खंडेनवमीला आपण शस्त्रांवर आणि अवजारांवर झेंडूच वाहतो, त्यामुळे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

मग लेस्टरच्या त्या मुलाने पॉपी लावावी की नाही? मी म्हटलं, लाव. दुसऱ्या महायुद्धातल्या मृतांसाठीही तेच फूल असतं, आणि त्यात माणगाव तालुक्यातले यशवंत घाडगे आहेत. १० जुलै १९४४ ला इटलीत शत्रूच्या मशीनगनवर एकटे चालून गेलेले, २२ वर्षांचे नाईक. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. कबर त्यांनाही नाही, कसिनोच्या स्मारकावर नाव आहे आणि माणगावात पुतळा आहे. लाव, पण हे नाव पाठ कर, एवढंच त्याला सांगितलं.

आणि तुम्ही साताऱ्याकडचे, कोकणातले, नगरकडचे असाल तर गावच्या जुन्या चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीकडे एकदा बघा. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या तर नावापुढेच मिलिटरी लागतं. बऱ्याच गावांत इंग्रजांनी बसवलेली एक संगमरवरी पाटी असते. या गावातून महायुद्धात इतके पुरुष गेले, त्यांपैकी इतके कामी आले. पाटीवर बहुतेक वेळा आकडाच असतो, बसऱ्यासारखा. नावं मात्र आता शोधता येतात. युद्धकबर आयोगाच्या संकेतस्थळावर पलटणीच्या नावाने शोध घेतला की पुष्कळ शिपायांच्या नोंदीत बापाचं नाव, गाव, तालुका आणि जिल्हा सापडतो. इंग्रज कारकुनांनी ऐकून लिहिलेली स्पेलिंगं वेडीवाकडी आहेत, त्यामुळे गावाचं नाव दोन-तीन तऱ्हांनी टाकून बघावं लागतं. मी माझ्या आजोळच्या तालुक्यापासून सुरुवात केली आहे. सापडलेली नावं एका वहीत उतरवते आहे, ती पुढच्या नोव्हेंबरात लेस्टरला पाठवायची आहे.